जपानमधल्या सुगीच्या रस्सीखेचीत परदेशी माणसाला दोर ओढता येतो का? आणि शेवटी ताकदवान गटच जिंकतो ना?

ओढता येतो, ओकिनावातल्या नाहाला जा. पण दुसरा प्रश्न जाता जाता टाकलाय ना, तोच आधी घेतो. शाळेच्या मैदानावरची रस्सीखेच बघून हे ताकदीचं खूळ लोकांच्या डोक्यात बसलंय.

नाहाचा दोर भाताच्या पेंढ्याचा. लांबी सुमारे २०० मीटर, वजन ४० टनांच्या वर, जाडी दीड मीटर. तो कवेत मावत नाही, म्हणून त्याला दोन्ही अंगांनी हातदोर जोडलेले असतात आणि ओढायचे तेच. मुळात हा एक दोर नसतोच. पूर्वेकडचा नर, पश्चिमेकडचा मादी, दोघांच्या टोकाला भलामोठा फास. भर रस्त्यात नराचा फास मादीच्या फासात घुसवायचा आणि कानुची-बो नावाचा लाकडी ओंडका आडवा आरपार सारायचा. सगळं कसब इथे लागतं. फासांची उंची जुळली नाही की ओंडका अडतो. कोणी उतावळेपणाने आधीच ताण दिला की फास आवळतो. मग ढील द्या, उचला, पुन्हा जुळवा. पहिलवान इथे काय करणार?

जोडणीनंतर ३० मिनिटं मिळतात. ५ मीटर ओढणारी बाजू जिंकते. फक्त ५! सुमारे १५ हजार माणसं आपापल्या मनाने हिसके देत बसली तर दोर जागचा हलत नाही. 'हाइया'च्या हाळीवर सगळ्यांचा जोर एकदम पडला, तरच तो सरकतो.

आता, 'सुगी' म्हणाल तर नाहा काटेकोरपणे त्यात बसत नाही. ओकिनावात भाताचं पहिलं पीक जून-जुलैतच निघतं, म्हणून बऱ्याच गावांची रस्सीखेच चांद्र सहाव्या महिन्यात होते. नाहाची शहरी, १९७१ साली पुन्हा सुरू झालेली, ऑक्टोबरातली. शरदातलीच हवी तर ओकिनावातलंच इतोमान शहर गाठा: आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, साधारण आपली भाद्रपद पौर्णिमा.

हातमोजे न्या. मुख्य दोर आणि हातदोर यांच्या बेचक्यात उभं राहू नका, दोर सरकला की पाय अडकतो. निकालानंतर लोक हातदोराचे तुकडे शुभ म्हणून घरी नेतात. तुम्हीही घ्या, पण निकाल लागायच्या आत सुरी काढू नका.