रोटरीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेची आज गरज उरली आहे का?

रोटरी म्हणजे पैसेवाल्यांचे जेवणाचे क्लब, असे आपल्याला सगळीकडे ऐकू येते आणि त्यात कितपत तथ्य आहे, असे आपण विचारले आहे. मी रोटरी या समाजसेवी क्लबांच्या संस्थेचा सदस्य नाही. नाशिक जिल्ह्यात आरोग्य कर्मचारी म्हणून नोकरी करताना जे पाहिले, त्यावरून लिहितो.

हे मत निराधार नाही. जगभरातल्या रोटरी क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे त्या सुमारास पदग्रहण सोहळ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत ओळीने येतात आणि सामान्य वाचकाला संस्था तेवढीच दिसते. सदस्यत्व बहुधा ओळखीतून, निमंत्रणाने मिळते आणि वर्गणी नोकरदाराला जड जाते. गंजमाळच्या रोटरी हॉलवरून रोज जाणाऱ्या कितीतरी नाशिककरांना आपणही तिथे जावे, असे कधी वाटलेले नाही.

पण पल्स पोलिओच्या रविवारी मी बूथवर असायचो. आइसपॅक घातलेल्या पेटीतून लसीची कुपी काढायची, बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकायचे आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची, हे काम आमचे. बॅनर, टोप्या, आईबापांना घरातून बोलावून आणणारे स्वयंसेवक अनेकदा रोटरीचे असत. रोटरीने पोलिओचा कार्यक्रम १९८५ मध्ये हाती घेतला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींसह जागतिक मोहीम उभी राहिली, तेव्हा जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पोलिओने लुळी होत होती. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त प्रमाणित झाला. श्रेय एकट्या रोटरीचे नाही, लाखो आशा आणि अंगणवाडी सेविकांचे अधिक आहे. तरीही चाळीस वर्षे एकाच कामामागे पैसा आणि माणसे उभी करणारी बिगरसरकारी संस्था मला दुसरी ठाऊक नाही. लुळ्या पायाला कॅलिपर, म्हणजे धातूचा आधार, लावून वर्गात येणारा सोबती ज्या पिढीने पाहिलाच नाही, तिला या कामाचे मोल कळावे तरी कसे?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. क्लबचा अध्यक्ष दर वर्षी बदलतो आणि त्याच्याबरोबर पुष्कळदा उपक्रमही बदलतात. पेठ तालुक्यातल्या एका पाड्याजवळ एका सेवाभावी क्लबने बांधलेला सिमेंट बंधारा मी पाहिला आहे. पहिल्या उन्हाळ्यात खालच्या विहिरीला पाणी टिकले, बायकांची पायपीट थांबली. पुढे गाळ साचत गेला आणि तो काढायला क्लबकडून कोणी फिरकले नाही, कारण ज्यांच्या वर्षात काम झाले ते पायउतार झाले होते. पोलिओत जी चिकाटी दिसली ती इथे दिसली नाही, आणि लोकांचा विश्वास उडतो तो सोहळ्यांपेक्षा अशा अर्धवट कामांमुळे अधिक.

म्हणून आपल्याला एखाद्या क्लबकडून निमंत्रण आले, तर यंदाचे उपक्रम विचारू नका. तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेले एक काम दाखवा म्हणा, आणि शक्य झाल्यास स्वतः जाऊन तिथल्या लोकांशी बोला.