नेटवर्क तोडलेले व्हर्च्युअल मशीन

प्रश्न : हिशेबाचा एक जुना प्रोग्रॅम केवळ विंडोज ७ वर चालतो, म्हणून तो व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (मूळ संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) ठेवला आहे. त्याला नेटवर्क मिळू नये यासाठी 'होस्ट-ओन्ली' हा पर्याय निवडला. एवढे पुरेसे आहे का? नेटवर्क नसताना फायलींची ने-आण कशी करावी?

उत्तर : पुरेसे नाही. 'होस्ट-ओन्ली'मुळे इंटरनेट बंद होते हे खरे. परंतु ते मशीन आणि आपला मूळ संगणक यांच्यातील नेटवर्क चालूच राहते, आणि विंडोज ७ चा आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच संपवलेला असल्यामुळे तेवढी वाटही उघडी ठेवू नये, असे माझे मत आहे. मशीन रीतसर शटडाउन करावे (नुसते 'सेव्ह' केलेल्या स्थितीत हा बदल करता येत नाही) आणि सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात प्रत्येक आभासी नेटवर्क कार्डाच्या, म्हणजे अ‍ॅडाप्टरच्या 'एनेबल नेटवर्क अ‍ॅडाप्टर' समोरची खूण काढावी. तेथेच 'नॉट अटॅच्ड' हाही पर्याय दिसेल. पण त्यात कार्ड जागेवर राहते, केवळ केबल काढल्यासारखी लाल फुली दिसते, आणि चालू मशीनच्या मेनूतून कोणीही ते पुन्हा जोडू शकते. खूण काढल्यावर मात्र विंडोजमधील 'नेटवर्क कनेक्शन्स'ची खिडकी रिकामी दिसते. ती एकदा उघडून खात्री करावी.

यानंतर नवा स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची, पुन्हा परत आणता येणारी नोंद) घ्यावा आणि जुने काढून टाकावेत, कारण स्नॅपशॉटमध्ये त्या वेळची सेटिंग्जही साठवलेली असतात. नेटवर्क चालू असतानाचा स्नॅपशॉट परत आणला, की काढलेले कार्डही निमूटपणे परत येते. ही चूक फार उशिरा लक्षात येते.

फायली आत नेण्यासाठी त्यांची आयएसओ इमेज (सीडीसारखी वापरता येणारी एकच फाइल) करून ती मशीनच्या सीडी ड्राइव्हला जोडावी. मशीन ती केवळ वाचू शकते, तिच्यावर काही लिहू शकत नाही. हिशेब बाहेर आणताना शेअर्ड फोल्डर (मूळ संगणक आणि मशीन या दोघांनाही दिसणारा फोल्डर) तेवढ्यापुरता जोडून लगेच काढावा. सामायिक क्लिपबोर्ड आणि ड्रॅग अँड ड्रॉप बंदच असू द्यावेत. यूएसबीचेही तसेच: इंटरनेट शेअर करणारा मोबाइल यूएसबीवाटे मशीनला जोडला गेला, तर विंडोजला तो नवे नेटवर्क कार्ड म्हणूनच दिसू शकतो.