बचत गटाने गरिबाच्या घराला खरंच हातभार लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाडीतल्या बारा बायका महिन्याला शंभर रुपये टाकायला तयार आहेत, पण एवढ्याशा पैशांनी गरिबी हटते का, आणि फायनान्सवाल्यांच्या गटकर्जात नि यात फरक काय?

गरिबी हटत नाही. सावकाराचं दार मात्र सुटू शकतं. मजुरीच्या घरात पैसा मुळात कमी असतोच, पण जास्त जाच होतो तो लागेल तेव्हा हाताशी नसल्याचा. जूनमध्ये बियाणं आणि वह्या-पुस्तकं एकदमच येतात. अशा वेळी सावकाराकडून शेकडा पाचने पाच हजार आणले की महिन्याला 250 रुपये नुसतं व्याज. दहा महिन्यांत 2,500 गेले तरी मुद्दल जागच्या जागी. तेच पाच हजार गटातून महिना 2 टक्क्यांनी घेऊन दरमहा 500 मुद्दल फेडलं, तर व्याज पहिल्यांदा 100, मग 90, मग 80, असं करत एकूण 550. आणि ते गटाच्याच पेटीत राहतं. इथे एक ठराव आधी करून ठेवा: व्याज उरलेल्या मुद्दलावरच. मूळ रकमेवर शेवटपर्यंत लावलं तर 550 चे 1,000 होतात, आणि पुष्कळ गटांत हिशेब सोपा पडतो म्हणून तेच चालतं.

बचतीची रक्कम गटातल्या सर्वांत गरीब बाईला झेपेल तेवढीच ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी मिळत असेल तर महिन्याला शंभरऐवजी आठवड्याला पंचवीस बरे. पहिल्याच बैठकीत नाव, वार, व्याज, दंड आणि खात्यावर सह्या करणाऱ्या तिघी (त्यांतल्या कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील) हे सगळं ठरावात लिहा. बचत खातं उघडताना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पदाधिकाऱ्यांचीच केवायसी पुरते. सगळ्याजणींचे कागद मागितले तर हे शांतपणे सांगा.

सहा महिन्यांत बाराजणींचे 7,200 जमतात. ते बँकेत जपून ठेवणं ही नव्या गटांची हमखास चूक. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पाचशे-हजाराची कर्जं फिरवायला लागा. कर्ज देण्याआधी गटाची प्रतवारी करताना बँक नुसती शिल्लक पाहत नाही. बैठका, हजेरी, अंतर्गत कर्ज आणि परतफेडही पाहते. आणि दिवाळीला बचत वाटून घेऊ नका. तो भिशीचा रिवाज झाला. पुढचं बँककर्ज गटाच्या स्वनिधीच्या (म्हणजे जमलेली बचत, व्याज वगैरे गटाचा स्वतःचा पैसा) पटीत ठरतं, वाटप केलं की तो पायाच जातो.

गट मोडतो तो बहुधा वहीवरून. सचिव घरी बसून लिहिते, बाकीच्या अंगठा देतात, आणि वर्षाने कुणाचं किती यावरून भांडण. लिखाण बैठकीतच व्हायला हवं: पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, प्रत्येकीच्या पासबुकात तिथेच नोंद, आणि उठताना हातातली शिल्लक मोठ्याने सांगायची. निरक्षर बायकांना आकडे चांगले पाठ राहतात. पुढच्या बैठकीची सुरुवात तोच आकडा त्यांना विचारून करा.

सहा महिन्यांनी बँककर्ज मागता येतं. उमेद या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला पहिलं कर्ज स्वनिधीच्या सहापट किंवा दीड लाख, यांत जे जास्त ते, आणि दहा लाखांपर्यंत तारण नाही. खरी घसरण इथे होते. दीड लाखाचे बारा सारखे वाटे केले की प्रत्येकीला साडेबारा हजार: म्हशीला कमी, आणि जिला गरजच नव्हती तिच्या घरी टीव्ही. त्यापेक्षा प्रत्येकीने काय करणार आणि पैसा कधी येणार हे आधी मांडावं. डेअरी दहा दिवसांनी पैसे देते, म्हणून दुभत्या म्हशीचा मासिक हप्ता निघतो (भाकड काळ मात्र धरायला हवा). शेळी पाच महिने गाभण, पुढे करडं विकण्याजोगी व्हायला तितकेच महिने. तोवर हप्ता मजुरीतूनच जाणार. शेतीसाठी महिन्याला फक्त व्याज आणि मुद्दल सोयाबीन विकल्यावर, असा ठराव गटाच्या स्वतःच्या पैशांपुरता करता येतो. बँकेचा हप्ता थांबत नाही.

कर्ज मिळालं की उत्पन्न वाढतंच असं नाही. हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह सूक्ष्म कर्जांची पाहणी केली. सरासरी घरखर्च काही वाढलेला दिसला नाही, फायदा झाला तो ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना.

फायनान्सच्या गटात बचत तुमची नसते, व्याज कंपनीकडे जातं, आणि एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. तुमच्या गटातही कर्ज देण्याआधी बाहेरचे हप्ते विचारा, लाजू नका. आणि कुणाचा हप्ता चुकलाच तर दुसरा चुकायची वाट न पाहता त्याच आठवड्यात दोघींनी घरी जाऊन कारण समजून घ्यावं, मग बैठकीत ठराव करून हप्ता लहान करावा. तिच्या बचतीतून गुपचूप वळता करू नये.