वाचक विचारतात: सकाळी विमान, संध्याकाळी जहाज, जमेल का?

ताई, आमची भूमध्य समुद्रातली क्रूझ रोमहून संध्याकाळी ५ वाजता सुटते. त्याच दिवशी सकाळी १०.४० ला रोमला उतरणारं विमान आदल्या दिवशीच्या विमानापेक्षा बरंच स्वस्त आहे, शिवाय हॉटेलची एक रात्र वाचते. मुलगी म्हणते, सहा तास हातात आहेत, भरपूर झाले. परतताना जहाज सकाळी ७ ला बंदराला लागतं, म्हणून १०.३५ चं विमान पाहून ठेवलंय. करू का बुक?

नका करू. दोन्ही नका करू.

मुलीचं गणित बरोबर आहे, पण ते विमानतळापाशीच थांबतं. जहाज ५ ला सुटतं याचा अर्थ ५ ला दोर सोडतात. चेक-इन त्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. म्हणजे तुमची खरी वेळ साडेतीनची. आता १०.४० पासून मोजा. पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यात तास जातो, कधी दीड. त्यानंतर कळतं की जहाज रोमला नाहीच. ते चिविटावेक्कियाला आहे, शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर. फ्युमिचिनो विमानतळावरून गाडीने तासभर. ट्रेनने जायचं तर त्रास्तेव्हेरेला उतरून दुसरी गाडी पकडायची. चिविटावेक्किया स्टेशनवरून पुन्हा बस करून, नाहीतर बॅगा ओढत, लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी यायचं आणि तिथून बंदराच्या मोफत शटलने जहाजापर्यंत. सगळं सुरळीत झालं तर दोन वाजतील. उरतो दीड तास, आणि मधल्या विमानतळावर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तर तो दीड तास कुठल्या कुठे जातो.

सामानाचंही ऐका. बॅग मागे राहिली तर विमान कंपनी ती दुसऱ्या दिवशी हॉटेलवर आणून देते. जहाजावर कशी आणून देणार? बॅग रोमला येते तेव्हा तुम्ही नेपल्सला. ती नेपल्सला पोचते तेव्हा तुम्ही सिसिलीच्या वाटेवर. आठवडाभर त्याच दोन कपड्यांत फिरलेली मंडळी मी पाहिली आहेत. औपचारिक जेवणाच्या रात्री ती खोलीतच बसून होती.

तेव्हा एक दिवस आधी पोचा. महासागर ओलांडून जायचं असेल किंवा हिवाळा असेल तर दोन दिवस आधी. हॉटेल रोममध्येच घ्या, पण तेर्मिनी स्टेशनच्या गर्दीत घ्यायलाच हवं असं नाही. चिविटावेक्कियाच्या गाड्या ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो इथेही थांबतात. सान पिएत्रोजवळ राहिलात तर व्हॅटिकन चालत अंतरावर आणि सकाळची गाडीही. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड भराल. चिविटावेक्कियात मुक्काम करायचा तो फक्त विमान रात्री उशिरा उतरत असेल तर.

परतीचं आणखी सोपं आहे. ७ वाजता जहाज बंदराला लागतं, तुम्ही बाहेर पडत नाही. आधी स्थानिक अधिकारी जहाजाला परवानगी देतात. मग ज्यांनी आपलं सामान आपणच उचलायचं ठरवलंय ते उतरतात. बाकीच्यांच्या बॅगा आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवलेल्या असतात, त्यांना टॅगच्या रंगानुसार बोलावतात आणि हे साडेनऊपर्यंत चालू शकतं. (त्या बॅगेत पासपोर्ट, औषधं आणि सकाळी घालायचे बूट गेले नाहीत ना, हे झोपण्यापूर्वी बघा. बुटांचं हसू येतंय, पण विसरतात ते तेच.) १०.३५ च्या आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर तुम्ही रस्त्यात असतानाच बंद होईल. दुपारी १ च्या आधीचं विमान इथून घेऊच नये. दिवस हाताशी असेल तर एक रात्र थांबून निवांत निघा.

तिकीट काढताना दोन गोष्टी. जाण्यायेण्याची सगळी विमानं एकाच बुकिंगमध्ये असू द्या. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी काहीच करायला बांधील नसते. आणि जहाज बार्सिलोनाला चढून रोमला उतरायचं असेल तर दोन एकेरी तिकिटं शोधत बसण्याआधी ‘मल्टि-सिटी’ पर्यायात किंमत बघा. क्रूझ कंपनीकडूनच विमान घेतलंत तर तुमचा उशीर त्यांना आपोआप कळतो आणि ते पुढच्या बंदराला पोचवण्याची खटपट करतात. मात्र त्याचा खर्च कोण करणार, हे त्यांच्या अटींत वाचूनच पैसे भरा. विमा जहाजावर पाय ठेवल्यापासूनचा नको, घराबाहेर पडल्यापासूनचा हवा, आणि त्यात प्रस्थान चुकल्याची भरपाई हवी.

एक जाता जाता. पत्रकात छापलेलं शहर आणि प्रत्यक्ष बंदर यांत अंतर असणं हा या धंद्याचा रिवाजच आहे. ‘लंडन’ म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, जिथून बर्लिनला जायलाच सुमारे तीन तास लागतात. ‘व्हेनिस’चं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सॅन मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे ती व्हेनिसजवळच्या मार्गेराला लागतात, नाहीतर थेट राव्हेन्ना किंवा त्रिएस्तला, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर. हॉटेल घेण्याआधी बंदराचं नाव बघा. जमलं तर टर्मिनलचंही.

आम्ही पाच जण आहोत, त्यातल्या एका वहिनींचे गुडघे दुखतात. नेपल्स, लिव्होर्नो आणि सँटोरिनी या तीन ठिकाणी जहाजाच्या सहली फार महाग वाटतात. स्वतःहून फिरलो तर जहाज चुकेल अशी भीती सगळे घालतात. खरं काय?

भीती खरी आहे, पण तिन्ही ठिकाणी सारखी नाही. जहाजाच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवते. स्वतःच्या फिरण्यात उशीर झाला तर ते निघून जातं. दर सहलीच्या जादा पैशांत थोडी बस असते, थोडा गाइड असतो आणि बराचसा हा भरवसा असतो. तो कुठे विकत घ्यायचा आणि कुठे नाही, एवढंच ठरवायचं.

नेपल्सला माझ्या मते नको. जहाज शहराच्या मध्याशीच लागतं. मुनिचिपिओ स्टेशनहून मेट्रोने गारिबाल्दी स्टेशन, तिथून सोरेंतोच्या दिशेची चिर्कुमवेसुव्हियाना गाडी, आणि ‘पॉम्पेई स्काव्ही – विला देई मिस्तेरी’ला उतरलं की पॉम्पेईच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराच्या, अवशेषांचं दार समोरच. गाडीचा प्रवास चाळीसएक मिनिटांचा. गाडी जुनी, खचाखच, खिसेकापूंची लाडकी, त्यामुळे पाकीट पुढच्या खिशात. तिकीट मात्र आधीच काढा. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा ओळखपत्र बरोबर हवं. आत दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी रस्ते आहेत, उंचसखल, चाकांच्या खाचा पडलेले. वहिनींना काठी घेऊ द्या आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका.

लिव्होर्नोचा प्रकार वेगळा. इथे बहुतेक जण उतरतात ते फ्लॉरेन्स बघायला. तिथलं बंदर मालवाहू, आत पायी फिरू देत नाहीत. शटलने गावात, गावातून स्टेशनला, स्टेशनवरून फ्लॉरेन्स जवळजवळ दीड तास. एका बाजूचे अडीच तास सहज जातात, परतीचेही तेवढेच, आणि त्यात इटलीतला रेल्वे संप त्या दिवशी नसला तर. फ्लॉरेन्स बघायचंच असेल तर जहाजाची फक्त ने-आण करणारी बस घ्या. ती सकाळी सोडते, संध्याकाळी उचलते, मध्ये तुम्ही मोकळे. गाइडवाल्या सहलीपेक्षा ती स्वस्त असते आणि भरवसा तोच. मी तुमच्या जागी असते तर फ्लॉरेन्स क्रूझच्या आधीच्या किंवा नंतरच्या मुक्कामासाठी राखून ठेवलं असतं आणि या दिवशी पिसा-लुक्का केलं असतं. पिसा लिव्होर्नोहून ट्रेनने वीसेक मिनिटांवर आहे.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागतच नाही. समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर सोडतात. तिथून वर, ‘फिरा’ नावाच्या गावात जायला तीनच मार्ग: सुमारे सहाशे पायऱ्या, त्याच पायऱ्यांवरून गाढवं (तो पर्याय गाढवांवर दया म्हणूनही सोडा), किंवा केबल कार. केबल कार एका फेरीत ३६ माणसं नेते. खाली तीन जहाजांची माणसं उभी असतील तर पुढचा हिशेब तुम्हीच करा. जहाजाच्या सहलीवाल्यांना बहुतेक वेळा आधी उतरवतात, आणि त्यांची बोट दुसऱ्या बंदराला, अथिनिओसला जाते. तिथे बस उभीच असते. वहिनींसाठी इथे पैसे मोजा. उतरताना तुम्हालाही केबल कारचीच रांग लागेल, म्हणून शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी वरून निघा. वारा असला तर इथला थांबा रद्दही होतो, त्यामुळे खाजगी टॅक्सी आधी ठरवणार असाल तर ‘जहाज आलं नाही तर पैसे परत’ हे लेखी घ्या.

आणि घड्याळ. परत येण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, मोबाइलमधलं घड्याळ मात्र किनाऱ्यावरच्या टॉवरचं ऐकतं. कॅरिबियनला जाल तेव्हा हे डोक्यात ठेवा: मेक्सिकोतल्या कोझुमेलमध्ये उन्हाळ्यात मायामीपेक्षा एक तास मागे असतात आणि जहाज बऱ्याचदा मायामीच्या वेळेवरच चालतं. एकाने तरी मनगटावर साधं घड्याळ बांधावं. खोलीत रोज एक पत्रक येतं, त्यावर परतण्याची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत जाण्याचा, मिळाला आहे. अथेन्सहून निघून ग्रीक बेटं, मध्ये एक दिवस तुर्कस्तानातलं कुशादासी आणि परत अथेन्स. मी कुशादासीला खाली उतरलेच नाही तर चालेल का?

त्या भरवशावर जाऊ नका. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. जहाज तिकडे जाऊन ग्रीसला परत येतं म्हणजे दुसरा प्रवेश, आणि तुम्ही डेकवर बसून चहा पीत होतात याला तिथे किंमत नाही. मल्टिपल एन्ट्री नसेल तर क्रूझ कंपनी पहिल्याच दिवशी चढू देणार नाही. अर्ज नव्याने करा आणि जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. व्हिसाचे दिवस मोजताना आधीचे-नंतरचे मुक्कामही धरा. तुर्कस्तानच्या अटी क्रूझ कंपनीकडून लेखी मागवून घ्या.

बाकी मार्ग छान आहे. अथेन्स विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन २०२२ पासून थेट पिरिअस बंदरापर्यंत जाते, त्यामुळे आदल्या रात्री कुठेही राहिलात तरी चालेल. कुशादासीहून एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष वीसेक किलोमीटरवरच आहेत.

मुलगा सिएटलला असतो. तिथून निघून तिथेच परतणाऱ्या अलास्का क्रूझवर आम्ही चाललो आहोत. परतीचे दोन दिवस समुद्रातच जातात, त्यापेक्षा अलास्कातल्या केचिकनला उतरून विमानाने सिएटलला यावं असं ह्यांच्या मनात आहे. पैसे परत नकोत, फक्त उतरू द्या म्हटलं तर?

ह्यांना सांगा, आडवा येतोय तो १८८६ चा कायदा. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही, आणि बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा असे परदेशी झेंडे असतात. सिएटलला चढून केचिकनला कायमचं उतरलात की कंपनीला दंड, आणि तो कंपनी तुमच्याकडून वसूल करते. जहाज चुकलं म्हणून पुढच्या अमेरिकी बंदरावर गाठायचं म्हटलं तरी हाच कायदा आड येऊ शकतो. तुमच्या मार्गात शेवटी संध्याकाळी उशिरा कॅनडातलं व्हिक्टोरिया असेल बघा. बागा बघायला धड उजेडही नसतो, तरी जहाज तिथे जातं ते याच कायद्यापायी: वाटेत एक परदेशी बंदर हवंच. म्हणून त्या काही तासांसाठी कॅनडाचीही प्रवेश-परवानगी लागते. अमेरिकेचा व्हिसाही मल्टिपल एन्ट्री हवा.

ह्यांना समुद्रातले दिवस नकोतच, तर व्हँकुव्हरहून उत्तरेला जाणारी एकेरी क्रूझ घ्या. सुरुवात कॅनडात असल्याने कायदा आड येत नाही. जहाज शेवटी व्हिटियरला किंवा स्युअर्डला सोडतं. पत्रकात ‘अँकरेज’ लिहिलेलं असतं, पण व्हिटियर तिथून शंभरएक किलोमीटरवर आहे आणि स्युअर्ड दोनशेच्या आसपास. व्हिटियरचा रस्ता डोंगरातल्या चार किलोमीटरच्या बोगद्यातून जातो. बोगदा एकपदरी, त्याच जमिनीवर रेल्वेचे रूळ आणि त्याच रुळांवरून मोटारी. आधी एका दिशेच्या गाड्या सोडतात, मग दुसऱ्या, मध्ये ट्रेन. व्हिटियरहून बाहेर पडायला साधारण तासाच्या ठोक्याला सोडतात. पाच मिनिटं उशीर केलात तरी पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून अँकरेजचं त्याच सकाळचं विमान मनातही आणू नका. त्यापेक्षा उत्तरेला डेनाली राष्ट्रीय उद्यानाकडे दोन-तीन रात्री जा. अँकरेजहून तिकडे रेल्वेही जाते. मग सिएटलला मुलाकडे विमानाने या.

जहाजातून सकाळी ८ ला उतरायचं आणि विमान रात्री ९ चं. बॅगा घेऊन दिवसभर काय करायचं?

जहाजावर चौकशी करा. काही ठिकाणी बॅगा बंदरातून परस्पर विमानतळावर पाठवायची सोय असते, पैसे पडतात. काही कंपन्यांची शेवटच्या दिवसाची सहलच विमानतळावर सोडते आणि बॅगा बसच्या पोटात राहतात. शहर बघायचं असेल आणि तुम्ही थकणारे नसाल तर ती छान. नाहीतर मोठ्या रेल्वे स्टेशनवरचं सामानघर. तिथे पोचल्यावर ते रात्री किती वाजता बंद होतं हे आधी विचारा, मग बॅग द्या.