सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतेच

'सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, सगळे नॉर्मल आले आणि आता डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवले. म्हणजे माझे दुखणे मनाचे आहे असेच त्यांना म्हणायचे आहे ना?' जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पोटदुखीचे बहुतेक रुग्ण पोटाविषयी बोलण्याआधी हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. पण ते नुसते सांगून कोणालाही पटत नाही.

चोपडा तालुक्यातील पस्तिशीच्या एका ताईंचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या पोटात उजवीकडे, बेंबीच्या थोडे खाली, दोन वर्षांपासून दुखत होते. घरच्यांनी बेंबी सरकली म्हणून ती बसवून आणली, बाहेरची बाधा म्हणून उतारे केले, मग जळगाव आणि धुळे येथील दवाखाने झाले. प्रत्येक नवे डॉक्टर सोनोग्राफीपासूनच सुरुवात करीत, कारण जुनी फाइल सोबत नेली तर हे डॉक्टर नीट तपासणार नाहीत, अशी यजमानांची समजूत होती. रिपोर्ट चांगला आला की सासूबाई म्हणत, 'मग आता कामाला लागायला काय हरकत आहे?' पहिल्या भेटीत ताई एवढेच बोलल्या : 'मना पोटमा दुखस, पन कोनलेच खरं वाटत नही.'

त्यांचे दुखणे खरे आहे, असे मी यजमानांच्या समोरच सांगितले. सोनोग्राफीत खडे, गाठी, सूज दिसू शकते; आतड्याची संवेदनशीलता किंवा पोटाच्या भिंतीत अडकलेली बारीक नस (मज्जातंतू) तीत सहसा दिसत नाही. आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, तोदेखील मुख्यतः लक्षणांवरूनच ओळखला जातो. म्हणून रुग्णाने आपले दुखणे नेमके सांगणे हाच निदानाचा मोठा भाग असतो, आणि घाबरलेल्या, अविश्वासाने खचलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही.

आम्ही एक वही सुरू केली. दुखणे कधी, कोठे, किती वेळ. त्याआधी काय खाल्ले, कोणते काम केले. शौच कशी झाली, पाळी कधी आली. यजमानांना लिहिण्याचे काम दिले, आणि खरे तर याच कामाने त्यांचा सूर बदलला. ताईंनी तोपर्यंत मिरची, वांग्याचे भरीत, तुरीची डाळ, दूध असे एकेक सोडत जेवण इतके कमी केले होते की वजन उतरले होते. त्यामुळे पोटाच्या क्षयरोगाची शंका येऊन त्याच्याही तपासण्या झाल्या होत्या, आणि ते योग्यच होते. वहीत मात्र जेवणाचा, शौचाचा किंवा पाळीचा संबंध कोठेच दिसेना. दुखणे वाढत होते ते कापूस वेचताना कमरेची ओटी भरत आली की, हंडा उचलताना आणि अंथरुणातून उठताना. आणि जागा विचारली की त्या तळहात न फिरवता एकाच बोटाने दाखवीत.

हे सारे एका पानावर लिहून, जुन्या फाइलसह, मी त्यांना पाठवणाऱ्या डॉक्टरांकडेच परत पाठवले. त्यांनी ताईंना झोपवून त्या जागेवर बोट दाबून ठेवले आणि डोके व खांदे उचलायला सांगितले. असे केल्यावर दुखणे कमी झाले तर कारण बहुधा आत असते. तेवढेच राहिले किंवा वाढले तर पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त. कार्नेट या अमेरिकी शल्यचिकित्सकाने ही खूण 1926 मध्ये वर्णन केली. तिला यंत्र लागत नाही. ताईंचे दुखणे वाढले. त्या जागी भूल देणारे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच ते उतरले, आणि नस अडकल्याचे निदान पक्के झाले.

इंजेक्शनचा गुण काही आठवड्यांनी ओसरला आणि ते पुन्हा द्यावे लागले. नसेच्या दुखण्यासाठी रात्रीची गोळी सुरू झाली. ती नैराश्यावरही देतात असे औषधाच्या दुकानात कळताच ताईंनी ती बंद केली होती, तेव्हा कमी मात्रेत तीच गोळी वेदना शमवते हे पुन्हा समजवावे लागले. सोडलेले पदार्थ एकेक करून ताटात परत आणणे हे आमचे सध्याचे काम आहे. भरीत आले, दुधाची भीती अजून आहे.

प्रत्येकाला असे एकच कारण सापडेल असे नाही. काहींना आयबीएससारख्या निदानासह उपचार आणि आहार सांभाळत राहावे लागते. मात्र कारण न कळता वजन घटणे, शौचातून रक्त किंवा काळी शौच, ताप, कावीळ, वारंवार उलट्या, दुखण्याने रात्री झोपमोड होणे, यांपैकी काही असेल तर वही भरत बसू नये. आधी डॉक्टरांकडे जावे, आणि फाइल सोबत न्यावी.