प्रश्न तुमचे : पळणं थांबलं, आता पाण्यात काय करू?

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. हाफ मॅरेथॉनची तयारी ऐन भरात असताना उजव्या नडगीत एकाच जागी दुखायला लागलं आणि एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर) निघालं. डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे पळणं बंद केलं आहे. चालायला हरकत नाही, पोहा, असं म्हणाले. पण मला पोहणं जेमतेम येतं, एक लांबी गेले की धाप लागते. एवढ्या दिवसांत सगळा दम जाईल का? वजन वाढू नये म्हणून जेवण मात्र आतापासूनच कमी केलं आहे.

उत्तर : पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. जेवण कमी करू नका. हाड भरून यायला शरीराला पुरेसं अन्न लागतं, प्रथिनं लागतात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. माझ्याकडे अशी फ्रॅक्चर घेऊन येणाऱ्या मुलींना मी पहिला प्रश्न खाण्याचा विचारते आणि दुसरा पाळीचा. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडत राहिलं की पाळी लांबते किंवा बंदच होते, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं कमकुवत होतात. गेल्या काही महिन्यांत तुमची पाळी मागेपुढे झाली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नसलं तरी त्यांना आपणहून सांगा. हे राहून गेलं तर नडगी भरेल आणि पुढच्या वर्षी दुसरं हाड दुखेल.

आता दमाचं. पोहता येत नाही म्हणून काही अडत नाही, कारण मी तुम्हाला खोल पाण्यात पळायला सांगणार आहे. कमरेला फ्लोटेशन बेल्ट, म्हणजे तरंगत ठेवणारा पट्टा, बांधायचा, पाय तळाला लागणार नाहीत एवढ्या खोलीत उभं तरंगायचं आणि पळायचं. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीपर्यंतच्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास आणि मानेपर्यंत बुडल्यावर जेमतेम दहावा हिस्सा. तळ सुटला की पाय आपटणं पूर्ण थांबतं, आणि तुमच्या नडगीला आत्ता तेच हवं आहे. उथळ बाजूला पळायचा मोह होईल, तिथे धीर वाटतो. पण तिथे पाऊल टेकतंच, म्हणून ते नंतरसाठी ठेवा. बेल्ट हे जीव वाचवायचं साधन नाही. जीवरक्षक हजर असतानाच उतरा, काठाशी राहा, आणि पहिल्या दिवशी पोहता येणारं कुणीतरी शेजारी असू द्या.

पाण्यात पळणं जवळजवळ प्रत्येकाचं सुरुवातीला चुकतं, आणि चुकतं तेही एकाच पद्धतीनं. माणूस सायकल मारायला लागतो. गुडघे पोटापुढे येतात, कंबर मोडते, धड मागे रेलतं आणि सगळं काम मांडीच्या पुढच्या भागावर पडतं. मी काठावर बसून खांदे आणि कंबर बघते. दोन्ही एका सरळ रेषेत हवेत, आणि ती रेषा घोट्यातून अगदी किंचित पुढे कललेली. गुडघा वर येईल, पण पाय तिथून खाली आणि मग मागे गेला पाहिजे. पाय मागे जाताना नितंबाचा स्नायू आवळला गेला, तर समजा जमलं. हाताची मूठ सैल मिटलेली ठेवा. बोटं पसरून पाणी ओढायला लागलात की हात पोहायला लागतात आणि पाय आळसावतात. जमिनीवर पडतात तेवढी पावलं मिनिटाला इथे पडणार नाहीत, कारण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असतं. हळू वाटलं म्हणून पाय आखडते घेऊन भराभर हलवू नका, हालचाल पूर्ण होऊ द्या.

नुसतं तरंगत पाय हलवलेत तर दम टिकणार नाही. पाण्यात आपसूक धाप लागत नाही, जोर मुद्दाम लावावा लागतो. म्हणून सलग तासभर करण्याऐवजी तुकडे पाडा. दहा मिनिटं सावकाश, मग एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू असं आठ वेळा, शेवटी पाच-दहा मिनिटं पुन्हा सावकाश. जोराच्या मिनिटात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. पुढच्या आठवड्यात दोन-दोन मिनिटांचे तुकडे, मग तीन-तीनचे. बोलायचं म्हणून धीर देत नाहीये. एड आयस्टोन हे स्वतः ऑलिंपिक मॅरेथॉन धावलेले. त्यांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरावातले धावपटू सहा आठवडे पाण्यात पळले, आणि दोन मैलांच्या शर्यतीत ते जमिनीवर पळत राहिलेल्यांच्या मागे पडले नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती परतीच्या दिवसांची. सहा आठवड्यांनी तुमची छाती म्हणेल, चला पाच किलोमीटर. हाडाला मात्र त्या सहा आठवड्यांत एकही दणका बसलेला नसेल, आणि हाड दणक्यानंच मजबूत होतं. पोटरीचंही तसंच आहे. जमिनीवर पाऊल पडताना पोटरी ताणली जात असतानाच भार पेलते, ते काम पाण्यात जवळजवळ होतच नाही. दम शाबूत आणि पाय कच्चा, अशा अवस्थेत माणसं पुन्हा जायबंदी होतात. तेव्हा आधी अर्धा तास भरभर चालून बघा. नडगीवर बोटानं दाबून बघा. त्या जागी काहीही दुखत नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील, तरच एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. मधल्या दिवशी पाणी. बेल्ट लगेच परत करू नका, निदान महिनाभर तरी दोन्ही सोबत चालू द्या. रात्री अंथरुणावर नडगी ठसठसली, तर थांबा आणि पुन्हा दाखवा.

एक विचारायचं राहिलं. फ्रॅक्चर नडगीच्या पुढच्या कडेला आहे की आतल्या-मागच्या बाजूला? पुढच्या कडेचं असेल तर ते भरायला फार वेळ घेतं, आणि वरचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना नेमकं हेच विचारा.

प्रश्न : टाच दुखते म्हणून मी खोल पाण्यात पळतो. जीव काढला तरी घड्याळात नाडी पळतानाच्या आकड्यापर्यंत जात नाही. मी कमी पडतोय का? (वय ५४)

उत्तर : नाही. पाण्याच्या दाबामुळे पायातलं रक्त हृदयाकडे जास्त परततं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकललं जातं आणि ठोके कमी लागतात. तेवढ्याच मेहनतीला दहा-पंधरा ठोके कमी दिसणं सर्वसाधारण आहे. शिवाय मनगटावरचं घड्याळ पाण्यात चुकतंही. जमिनीवरचा आकडा गाठायच्या मागे लागू नका, श्वासावरून जोर ठरवा. घाम पाण्यातही येतो, तेव्हा काठावर प्यायच्या पाण्याची बाटली ठेवा.

प्रश्न : गुडघ्यासाठी पोहणं चांगलं म्हणून रोज ब्रेस्टस्ट्रोक करते. आता गुडघ्याची आतली बाजूच दुखायला लागली आहे.

उत्तर : ब्रेस्टस्ट्रोक आजपासून बंद. त्यात पाय बाहेर वळवून झटका देताना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो. ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्या स्पर्धकांचं हे ठरलेलं दुखणं आहे. फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक करा. सुरुवातीला मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी पोहा, आणि भिंतीला पाय मारून वळू नका, हातानं काठ धरून वळा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा गुडघा सुजला, तर तपासून घ्या.