जुने लोक गावाला ‘पांढरी’ म्हणतात, त्याचा पांढऱ्या रंगाशी काही संबंध आहे का?

तुमचा प्रश्न तीन भागांत आहे: ‘पांढरा’ हा शब्द आला कुठून, त्याचे अर्थ कोणकोणते, आणि आजीच्या तोंडी ‘पांढरी’ म्हणजे गाव असायचं तो नुसता योगायोग का. पहिल्या दोन भागांवर इथे कुणीतरी माझ्यापेक्षा बरं लिहील. तिसऱ्यासाठी मात्र मी ताट बाजूला सारून बसलो आहे. योगायोग म्हणणाऱ्याला वर्धा नदीच्या खोऱ्यात काळ्या रानात एक खोली बांधून द्यावी आणि दोन पावसाळे तिच्यात राहायला लावावं. मग विचारावं, योगायोग का.

आमचं गाव आर्वीच्या बाजूला. इथली काळी कपाशीला चांगली, तुरीला चांगली, भिंतीला वाईट. काळा पाषाण झिजून झालेली ही माती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकण भरपूर. पाणी लागलं की भिजत घातलेल्या डाळीसारखी फुगते आणि वैशाखात आक्रसून अशी फाटते की भेगेत मनगट जातं. दरवर्षी खालून उचलायचं, दरवर्षी सोडून द्यायचं. घर टिकणार कसं? म्हणून जुन्या वस्त्या काळीवर बसल्याच नाहीत. कुठे मुरमाड टेकाड बघितलं, कुठे नदीकाठचा उंचवटा. माणसं तिथे राहिली, चुली पेटल्या, राख साचली, शेण साचलं, मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या, त्याही पडल्या. हाडं, खापरं, चुन्याचे खडे सगळं त्यातच. पाचपन्नास पिढ्यांनी त्या जागेचा रंगच बदलून गेला. राखाडी, पांढुरकी, भुसभुशीत माती. चारही बाजूंनी काळं रान आणि मधे हा फिकट ढिगारा, लांबूनही ओळखू येतो. ती पांढरी. म्हणजे रंग आधी आणि गाव मागून असंही नाही, माणसं राहिली म्हणून माती पांढरी झाली आणि माती पांढरी झाली म्हणून गावाला ते नाव पडलं. उत्खनन करणारेही जुनी वस्ती शोधताना हीच माती बघतात. पवनार, कौंडिण्यपूर, पवनी, अडम, विदर्भातल्या या जागा खोदल्या तेव्हा वस्तीवर वस्तीचे थर निघाले.

‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी आहे, एकटी पांढरी घेतली तर अर्थ कळत नाही. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची. जुन्या मराठी कागदांत वतनाचे हक्क सांगताना ही जोडी येते. माझे आबाजी कुणाची ऐपत सांगायची झाली की म्हणत, ‘काळीत नांगर आहे, पांढरीत घर आहे, अजून काय पायजे त्याले?’ आणि आजी ‘सारी पांढरी गोया (गोळा) झाली’ म्हणायची, तेव्हा तिला जागा नव्हे, माणसं म्हणायची असायची. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात तर ‘पांढरी’ नावाचा करच होता. जे शेती करत नाहीत, दुकानदार, विणकर, कारागीर, म्हणजे ज्यांचं पोट काळीवर नाही, त्यांच्यावर तो बसायचा. इंग्रजांनी पुढे मध्य प्रांतात तो चालूही ठेवला. सरकार ज्या शब्दावर पैसे वसूल करतं तो शब्द चार म्हाताऱ्यांच्या तोंडातला गावंढळपणा असतो का, हे आता माझ्या साळ्याने सांगावं.

साळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नागपूरला नोकरी, मराठीत एम.ए., बोलायला गोड. सासऱ्यांची शेती आमच्या शेजारच्या गावात, रस्त्याला लागून. तिथे शेतातच दोन खोल्या आणि वर गच्ची असं टुमदार काहीतरी बांधायचं त्याच्या मनात आलं. पोळ्याला सगळे जमलो होतो, पुरणपोळीवर विषय निघाला. मी एवढंच म्हटलं की बाबा, घर पांढरीत बांधतात, काळीत नाही. तुमची गावातली पडकी जागा आहे, गढीच्या मागे, तिथे बांध. तो हसला. म्हणे, ‘भाऊजी, तो शब्द मुळात पंढरी आहे. पंढरपूर. खेड्यातल्या लोकांनी त्याचं पांढरी केलं. आणि तुम्ही त्यावर बांधकामशास्त्र उभं करून राहिले!’ पंगतीतले सगळे हसले. माझी घरचीसुद्धा हसली, ते मी विसरलेलो नाही.

गावातली जागा त्याला नको होती, कारण गल्लीत गाडी वळत नाही. ठीक आहे, हे कारण मला पटतं. पण मग काळीत बांधायचं तर काळीच्या रीतीने बांध. ठेकेदाराने सांगितलं, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याला काँक्रीटचा पट्टा, टाकला की झालं. तीन-साडेतीन फूट खोदलं, तेवढ्यावर जोतं उचललं. मिरगाचा पाऊस बरा झाला, श्रावणात दरवाजे चौकटीत अडकायला लागले. दिवाळीनंतर माती आवळली आणि खिडकीच्या कोपऱ्यातून खाली जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली. तिरकी भेग दिसली की समजायचं, खालून माती हालते आहे. त्याने आधी ठेकेदाराला दोष दिला, मग सिमेंटला, मग शेजाऱ्याच्या नालीला. मातीचं नाव काही तोंडात आलं नाही, कारण मातीचं नाव घेतलं असतं तर पोळ्याचं बोलणं आठवलं असतं.

मग कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की खोल्यांखालची काळी काढून पांढरी माती भरा. आणि हा गडी जेसीबी घेऊन आमच्या गढीवर आला! ज्यांना गढी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वऱ्हाडात, वर्ध्याकडे गावोगाव पांढऱ्या मातीच्या गढ्या, म्हणजे पाटलांचे तटबंदीचे वाडे, होत्या, वीस-पंचवीस फूट उंच भिंतींच्या. पाटीलकी गेली, धाब्याची घरं गेली. पूर्वी धाब्यावर दर उन्हाळ्यात या मातीचा नवा थर टाकत, पावसाळ्यात छत गळू नये म्हणून. नंतर लोकांनी गढ्यांची माती खत म्हणून शेतात पसरली. आमच्या गढीचा एक बुरूज तेवढा उरला आहे, पिंपळाने धरून ठेवलेला. त्यालाच याने सोंड लावली.

मी जेसीबीपुढे जाऊन उभा राहिलो. तो म्हणे, ‘भाऊजी, मातीच तर आहे.’ मी म्हटलं, ‘मातीच आहे तं मंग तुह्या वावरातलीच भर नं! इथं काहून आला?’ यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पोळ्याला ज्या शब्दावर हसला होता, तीच वस्तू उचलायला दारात आला होता. जेसीबीवाला पोरगा आमच्याच गावचा. त्याने मशीन बंद केलं आणि डबा उघडला, म्हणे तुमचं मिटू द्या. मिटलं नाही. त्याआधी दोन ट्रॉल्या गेल्याच होत्या. त्या फरशीखाली भरल्या आणि भेगा होत्या तिथेच राहिल्या. राहणारच, कारण पाया काळीतच आहे. फरशीखाली पांढरी घालून पायाचं दुखणं जात नसतं. घरची मात्र आजही भावाच्या बाजूने आहे. तिचं म्हणणं, एका बुरजापायी पाहुण्याला लोकांदेखत बोलायला नको होतं.

असो. शब्दाकडे येतो, तुम्ही तेच विचारलं होतं.

संस्कृतात पाण्डु, पाण्डुर, पाण्डर. पालीतही पण्डर आहे. तिथून प्राकृतात आणि मग आपला ‘पांढरा’. पण मुळात पांडु म्हणजे दुधासारखा लख्ख नव्हे. फिका, पिवळट, रक्त उतरलेला. महाभारतात व्यासांना बघून अंबालिका भीतीने फिकी पडते आणि म्हणून तिचा मुलगा पांडु होतो. आयुर्वेदात पांडुरोग आहे, त्यातही अंगाचा रंग उतरतो. आपण अजून ‘पांढराफटक पडला’ म्हणतो तो हाच जुना अर्थ. लख्ख पांढऱ्यासाठी वेगळा शब्द होता, धवल, त्याचा ढवळा झाला आणि बैलापुरता उरला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधायची म्हण तुम्हाला माहीत असेलच. सफेद फारसीतून आला. शुभ्र पुस्तकात राहिला. रोजच्या बोलण्यात सगळ्यांची जागा पांढऱ्याने घेतली, त्यामुळे आज दूधही पांढरं आणि राखाडी मातीही पांढरी. शहरातली माणसं पांढरीची माती बघून म्हणतात, ही कुठे पांढरी आहे? अहो, शब्दाच्या जुन्या अर्थाने तीच खरी पांढरी आहे. तुमचं दूध मागून आलं.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो. पांढरं सोनं म्हणजे कापूस, हे नाव ज्याने ठेवलं त्याने तो स्वतः विकला नसावा. पांढरपेशा म्हणजे कपडे न मळणाऱ्या धंद्याचा. पांढऱ्यावर काळं करणं म्हणजे लिहिणं. पांढऱ्या कपाळाची आणि पांढऱ्या पायाची, हे दोन बायांना मारायचे दगड आहेत. पहिली विधवा, दुसरी घरात पाऊल टाकून वाईट आणणारी. कोशात असू द्यावेत, तोंडात नकोत. आमच्या गावात अजून ऐकू येतात.

पंढरपूरचं काय? १२३७च्या शिलालेखात त्या गावाचं नाव ‘पंडरगे’ असं येतं, ते कानडी वळणाचं गावनाव आहे, आणि पांडुरंग हे देवाचं नाव त्याच्यावरूनच घडलं असं रा. गो. भांडारकरांपासून अनेक अभ्यासक मानत आले. विठोबाला माझा नमस्कार. पण आमच्या गावाच्या ढिगाऱ्याला पांढरी म्हणायला कुणी वारीला जाऊन आलेलं नाही. तो शब्द मातीवरून आला आणि त्याची जोडी काळीशी आहे, पंढरपूरला कुठली काळी जोडणार?

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. काळीत घर बांधताच येत नाही असं नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी अंडररीम्ड पाइलचा पाया विकसित केला, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. खांब फुगणाऱ्या थराच्या खाली नेऊन तळाशी रुंद करायचा, मग वरची माती काय करायचं ते करो. लहान घराला काळी पुरती काढून मुरूम ठोकून भरला आणि भोवती पाणी मुरू दिलं नाही तरी पुष्कळ फरक पडतो. पैसे लागतात, तेवढंच. आणि पांढरी बघितली की लगेच तिच्यावर इमला चढवायचा असंही नाही, भरावाची माती आहे ती, एकमजली मातीच्या घराला पुरली म्हणून स्लॅबच्या दुमजलीला पुरेल असं नाही. खाली घट्ट काय लागतं ते खोदून बघा. आणखी एक, पांढरीत घर असणं हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. वेशीबाहेरची वस्ती बहुतेक गावांत पांढरीच्या खालच्या अंगाला, ओलीत, काळीत असायची. तिथल्या भिंतींना भेगा पडायच्या त्या हौसेच्या नव्हत्या. ‘सारी पांढरी’ म्हणताना त्यांना कुणी मोजत नव्हतं, माझी आजीसुद्धा नाही.

हा शब्द विदर्भापुरताच आहे असंही समजू नका. देशावरही तो चालतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, गावातली घरांची जागा हा अर्थ दिलेला आहे, आणि तो कोश काही आर्वीत बसून केलेला नव्हता. मी त्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. साळ्याचा नुसता अंगठा आला. तुमची आजी अजून असेल तर तिला विचारा, तुमच्या गावची पांढरी कुठून कुठपर्यंत धरतात. आणि तिची जागा कुणी खोदायला आला तर आधी भांडा, नातं मागून बघता येतं.